आधी सांगायचं, मग हात लावायचा: गंभीर आजारी मुलाची शुश्रूषा करताना

"मुंगी चावल्यासारखं होईल हं," असं नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका सहा वर्षांच्या मुलीला म्हणाले आणि तिच्या हातात सुई घातली. शीर सापडली नाही. दुसऱ्यांदा टोचलं, तिसऱ्यांदा टोचलं. दुसऱ्या दिवशी मी नुसता ताप बघायला गेले, तर तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले. म्हणाली, "तू मुंगी म्हणतेस, पण ती मुंगी नसते." पुढचे पंधरा दिवस तिने माझ्या हातून साधी गोळीसुद्धा घेतली नाही. तिची सगळी औषधं दुसऱ्या सिस्टरला द्यावी लागली.

लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात मी बरीच वर्षं काढली. नव्याने रुजू झालेल्या मुलींना शिकवताना पहिल्यांदा हीच गोष्ट सांगते. इथे येणाऱ्या मुलांमध्ये सर्वांत जास्त असतात ती रक्ताच्या कॅन्सरची, त्यातही ए.एल.एल. (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) या प्रकारची. उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात. नीट पूर्ण झाले तर यातली पुष्कळ मुलं बरी होतात. पण तोवर त्या लहानशा अंगाला रोज इतके हात लागतात की आपलं अंग आपलं आहे हेच मूल विसरून जातं. म्हणून आमच्या वॉर्डात एकच नियम आहे: आधी सांगायचं, मग हात लावायचा. या लेखातली प्रत्येक पायरी त्या नियमावर उभी आहे. दयाळूपणा स्वभावात असला तर उत्तमच, पण नसला तरी तो शिकता येतो, कारण त्याची बहुतेक सगळी कामं हातांनी करायची असतात.

पहिली भेट रिकाम्या हातांनी

मूल वॉर्डात आलं की पहिल्या भेटीला ट्रे नेऊ नका. हातात काही नको, थर्मामीटरसुद्धा नको. खाटेशेजारी स्टूल ओढून बसा, म्हणजे तुमचे डोळे मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला येतील. आपलं नाव सांगा. त्याला घरी कोणत्या नावाने हाक मारतात ते विचारा आणि ते कागदावर लिहून घ्या. केसपेपरवर नाव काहीही असो, मध्यरात्री ताप चढलेलं मूल 'सोन्या'लाच ओ देतं.

आईला पाच गोष्टी विचारा: कोणत्या हाताने जेवतो, कोणता अंगठा चोखतो, झोपताना काय लागतं, शी-शूला काय म्हणतो, कशाला घाबरतो. या गोष्टी पाळी बदलताना द्यायच्या हँडओव्हरच्या वहीत काउंटच्या, म्हणजे रक्तपेशींच्या आकड्यांच्या, शेजारी लिहा. 'उजवा अंगठा चोखते, लाईन (सलाईनची नळी) डाव्या हाताला' एवढी एक ओळ पुढच्या चार पाळ्यांचा त्रास वाचवते.

बऱ्याच घरांत मुलांना "रडलास तर सिस्टर सुई टोचेल" अशी धमकी दिलेली असते. आईला त्यावरून चारचौघांत टोकू नका. मुलाकडेच वळून सांगा, "मी शिक्षा म्हणून कधी सुई टोचत नाही. तुझ्या रक्तात आजार आहे, त्यावर औषध द्यायला सुई लागते. तू काही चुकीचं केलं म्हणून नाही." हे शेवटचं वाक्य विसरू नका. आपण हट्ट केला, भावाला मारलं, म्हणून आपल्याला हा आजार झाला असं चार-पाच वर्षांच्या मुलांना खरोखर वाटत असतं, आणि कुणी विचारल्याशिवाय ती ते बोलत नाहीत.

सुई

यावर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण मुलं आजाराला घाबरत नाहीत, सुईला घाबरतात.

पहिलं म्हणजे जागा. जमेल तिथवर मुलाच्या स्वतःच्या खाटेवर टोचू नका, ट्रीटमेंट रूममध्ये न्या. खाट ही त्याची सुरक्षित जागा आहे. तिथे एकदा टोचलं की रात्री तो कुठे झोपणार?

दुसरं, मलम. लिडोकेन-प्रिलोकेनचं सुन्न करणारं मलम डॉक्टरांकडून लिहून घ्या. ते जाडसर लावून वर चिकट ड्रेसिंग करून साधारण तासभर ठेवावं लागतं. दहा मिनिटांत पुसून टोचलं तर उपयोग शून्य, वर "मलम लावूनही दुखतं" असं मुलाच्या मनात पक्कं बसतं. सकाळी दहाला लाईन लावायची असेल तर नऊला मलम, हे कामाच्या यादीत लिहूनच ठेवा. दोन जागांवर लावा, कारण पहिली शीर दगा देऊ शकते. मात्र तान्ह्या बाळांना किती लावायचं याला मर्यादा आहे, ती विचारून घ्या.

तिसरं, सांगणं. टोचण्याच्या खूप आधी सांगितलं तर लहान मूल तासभर रडत बसतं. अगदीच आयत्या वेळी सांगितलं तर फसवल्यासारखं होतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं आधी, दहा वर्षांच्याला सकाळीच, हा माझा अंदाज. वाक्य साधं ठेवा: "आता सुई टोचणार. दुखेल. दहा मोजेपर्यंत दुखेल, मग सुई बाहेर येईल आणि मऊ नळी आत राहील. रडलीस तरी चालेल. हात तेवढा हलवायचा नाही, तो दुसरी सिस्टर धरेल." "दुखणार नाही" आणि "शूर मुलं रडत नाहीत" ही दोन वाक्यं आपल्या तोंडात कधीच येता कामा नयेत.

चौथं, धरणं. मुलाला आडवं पाडून चौघांनी दाबायचं, हे मी अजूनही बघते आणि प्रत्येक वेळी पोटात तुटतं. मुलाला आईच्या मांडीवर बसवा, छाती तिच्या छातीला, पाय तिच्या कमरेभोवती. आई त्याला मिठी मारते आणि हात एका बाजूने तुमच्याकडे येतो. मूल घट्ट धरलेलं असतं, पण त्याला ती मिठी वाटते. "आई, तुम्ही बाहेर थांबा" असं म्हणायची आपल्याकडे जुनी सवय आहे. इंग्लंडमध्येही एके काळी मुलांना भेटायला ठरावीक दिवशी, ठरावीक तासालाच सोडत. १९५९ साली प्लॅट समितीने आईवडिलांना कधीही येऊ द्यावं अशी शिफारस केली, तिथून तो विचार बदलत गेला. आईला चक्कर येत असेल तर अवश्य बाहेर बसवा. पण थांबायचं की नाही ते तिला ठरवू द्या. आणि मिठीपलीकडे दाबून धरायचं काम तिला देऊ नका. तिने बोलायचं, गाणं म्हणायचं, मोजायचं.

पाचवं, मुलाला निवडू द्या. टोचायचं की नाही हे त्याच्या हातात नाही. पण कोणता हात, मांडीवर की खुर्चीत, बघायचं की तोंड फिरवायचं, मराठीत मोजायचं की इंग्रजीत, हे सगळं असू शकतं.

सहावं, दोनदा चुकलं तर थांबा. तिसऱ्यांदा तुम्ही टोचू नका, दुसऱ्या अनुभवी हाताला बोलवा. त्यात कमीपणा नाही. त्या सहा वर्षांच्या मुलीच्या वेळी मला हेच कळलं नव्हतं.

आणि काम झाल्यावर लगेच ट्रे उचलून पळू नका. "मी दहा म्हटलं होतं, पंधरा झाले, माझा अंदाज चुकला," हे कबूल करा. मूल ते लक्षात ठेवतं.

औषध भरताना मायेला रजा द्या

मुलांची औषधं वजनावर ठरतात, केमोची (कॅन्सरवरची) बरीचशी वजन-उंचीवरून काढलेल्या शरीराच्या क्षेत्रफळावर. त्यामुळे दर भरतीला वजन नव्याने करा, मागच्या कागदावरून उतरवू नका. दशांश चिन्हाआधी शून्य लिहा, नंतर नको: ०.५ बरोबर, ५.० नको, कारण तो ठिपका पुसट झाला की दहापट डोस होतो. केमो, मॉर्फिन, इन्सुलिन, पोटॅशियम, यांची मोजणी दोन सिस्टरांनी वेगवेगळी करायची आणि मग ताडून बघायची. समोर मूल रडत असतं, आई मागे उभी असते, अशा वेळी घाई होते. त्या पाच मिनिटांत कुणाशी बोलू नका.

व्हिन्क्रिस्टिन हे केमोतलं, फक्त शिरेतून द्यायचं औषध आहे. ते पाठीतल्या (मणक्यांमधून देतात त्या) इंजेक्शनवाटे गेलं तर मूल दगावतं. म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईनच्या पिशवीतून द्यावं आणि पाठीतल्या इंजेक्शनच्या टेबलाजवळ कधीही नेऊ नये. ते शिरेबाहेर झिरपलं तर कातडी जळते. हात सुजला किंवा मूल "आग होतेय" म्हणालं तर औषध लगेच बंद करा, कॅन्युला (शिरेतली मऊ नळी) मात्र घाईने उपसू नका. आधी आतलं औषध जमेल तेवढं ओढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा. व्हिन्क्रिस्टिनला कोमट शेक, डॉक्सोरुबिसिन या केमोच्या दुसऱ्या औषधाला थंड. यात उलटापालट होऊ देऊ नका.

रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटं तिथेच बसा. मी त्या पंधरा मिनिटांत गोष्ट सांगते. मुलांना वाटतं ताई गोष्टीसाठी बसली, आणि माझं लक्ष श्वासावर, अंगावरच्या पुरळावर, थंडी वाजतेय का यावर असतं. पिशवी चार तासांच्या आत संपली पाहिजे.

काउंट पडलेले असताना ताप

केमोनंतर काही दिवसांनी पांढऱ्या पेशी घसरतात. त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, ५०० च्या खाली गेले की साधा जंतूही जीवघेणा ठरू शकतो. अशा मुलाला एकदा १०१ अंश फॅरनहाइट ताप आला, किंवा १००.४ ताप तासभर टिकला, तर ती तातडी आहे, मग मूल खेळत का असेना. ताबडतोब डॉक्टरांना कळवा. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का याची तपासणी, घ्या. अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाच्या आत अंगात गेला पाहिजे. कल्चरची बाटली सापडत नाही, फार्मसीत रांग आहे, फाइल वर गेली आहे, ही कारणं मुलाच्या रक्तातल्या जंतूंना कळत नाहीत. रात्रपाळीत पहिला डोस वॉर्डातल्या साठ्यात आहे ना, हे पाळीच्या सुरुवातीलाच बघा.

गुदद्वारातून ताप मोजू नका, तिथून औषध देऊ नका, दंडात-कुल्ल्यात इंजेक्शन देऊ नका. प्लेटलेट कमी असल्या तर रक्तस्राव होतो, आणि जंतूंना दारही उघडून मिळतं.

नव्या सिस्टर रक्तदाबाच्या आकड्यावर विसंबतात. मुलांमध्ये रक्तदाब अगदी शेवटी पडतो. त्याआधी नाडी धावते, श्वास वाढतो, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. छातीवर बोटाने पाच सेकंद दाबून सोडा. रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर थांबू नका, हाक मारा. दिवसभर किरकिरणारं मूल अचानक शांत झालं तर "बरं झालं, झोपला" म्हणून पुढे जाऊ नका. त्याला हलकेच हाक मारा, डोळे उघडून आईला ओळखतो का बघा. आणि आई म्हणाली, "सिस्टर, आज हा वेगळाच वाटतोय," तर सगळे आकडे नीट असले तरी ते वाक्य नोंदीत लिहा आणि डॉक्टरांना सांगा. आईच्या या वाक्याने आम्हाला मशीनच्या आधी सावध केल्याचं मी अनेकदा पाहिलंय.

हात धुण्याबद्दल एवढंच: साबणाने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३०. मुलांना मोजायला लावा. त्यांना सिस्टरवर लक्ष ठेवायला फार आवडतं, आणि मग डॉक्टरही सुटत नाहीत.

दुखणं मोजायचं

मूल रडत नाही म्हणजे दुखत नाही, असं नसतं. फार दिवस दुखत असलेलं मूल रडणं सोडून देतं, हालचाल कमी करतं, खेळणं हातात देऊनही बघत नाही. बोलता न येणाऱ्यांसाठी पाच गोष्टी बघतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजूत पटते का. प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण १०. तीन वर्षांच्या पुढच्यांना हसऱ्यापासून रडक्यापर्यंतचे सहा चेहरे दाखवून बोट ठेवायला सांगतात. गुण लिहून औषध दिलं, की अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा गुण घ्या. हा दुसरा आकडा बहुतेक ठिकाणी रिकामा असतो, आणि त्याच्याशिवाय पहिल्याला काही अर्थ नाही. दुखणं सतत असेल तर औषध घड्याळाप्रमाणे द्यायचं, मूल कळवळून मागेपर्यंत थांबायचं नाही.

तोंडात फोड आले की मूल थुंकीसुद्धा गिळत नाही. मऊ ब्रश, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, तिखट-आंबट बंद. ताजा गरम मऊ भात, वरण, तूप, जाड सालीची फळं चालतात. कच्ची कोशिंबीर आणि गाडीवरचं नको. स्टिरॉइडच्या दिवसांत हीच मुलं रात्री दोन वाजता वडापाव मागतात, नाही म्हटलं तर आईला मारतात. आईला आधीच सांगून ठेवा की हा औषधाचा राग आहे, मुलाचा नाही. घरून आणलेली बटाट्याची भाजी पँट्रीत चांगली वाफेपर्यंत गरम करून दिली तर अर्धं भांडण मिटतं.

आई आणि बाबा

आई खाटेशी असते. बाबा कॉरिडॉरमध्ये, हातात फाइल घेऊन. बीडहून, यवतमाळहून, बिहार-बंगालहून आलेली ही माणसं पहिले आठ दिवस काय ऐकतात त्यातलं फार थोडं त्यांच्या डोक्यात राहतं. त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि मग म्हणा, "आता तुम्ही मला सांगा, घरी ताप आला तर काय करायचं?" त्यांचं उत्तर "पॅरासिटामॉल देऊन सकाळी येऊ" असं आलं, तर समजावून सांगायची ही शेवटची संधी आहे. आधी ताप मोजायचा, फोन करायचा, लगेच निघायचं. गोळीने ताप दबतो, जंतू राहतात.

पैशांची काळजी मुलाच्या अंगावर उतरते. बाबांना पहिल्याच दिवशी वैद्यकीय समाजसेवकाकडे पाठवा. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली सरकारी योजना आता महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. तिथे रेशनकार्ड आणि ओळखपत्र लागतं, ते गावाहून मागवायला वेळ जातो. मुंबईत राहायचा प्रश्न असेल तर दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आणि कॅन्सरच्या मुलांच्या कुटुंबांसाठी असलेली सेंट ज्यूडची केंद्रं यांची माहिती समाजसेवक देतील. उपचार अर्धे सोडून मूल गावी जाणं हे आमच्याकडचं मोठं दुःख आहे, आणि त्याची सुरुवात बहुतेक वेळा "आज रात्री झोपायचं कुठे" इथून होते.

आईला विचारा, "तुम्ही जेवलात का?" आणि नाही म्हणाली तर वीस मिनिटं मुलापाशी स्वतः बसा किंवा मावशींना बसवा.

"सिस्टर, मी मरणार का?"

हा प्रश्न मुलं डॉक्टरांना राउंडमध्ये विचारत नाहीत. रात्री सलाईन बदलताना, तुमच्याकडे न बघता विचारतात. "असं बोलायचं नाही हं" म्हटलं की दार बंद होतं. मूल पुन्हा विचारत नाही, एकटंच विचार करत राहतं.

हातातलं ठेवा, बसा. विचारा, "तुला असं का वाटलं?" कधी कळतं की शेजारच्या खाटेवर रात्री पडदे लावले होते. कधी केस गेले म्हणून वाटतं. कधी त्याने आईला बाथरूममध्ये रडताना ऐकलेलं असतं. जे ऐकाल त्याला उत्तर द्या. आजार किती बळावलाय हे सांगणं नर्सचं एकटीचं काम नाही, ते डॉक्टर आणि आईवडील मिळून ठरवतील. पण "नाही, मुळीच नाही" असं खोटं वचनही देऊ नका. मी म्हणते, "आजार मोठा आहे. डॉक्टर आणि मी सगळे प्रयत्न करतोय. तुला एकटं सोडणार नाही, हे नक्की." सकाळी हा संवाद जसाच्या तसा डॉक्टरांना आणि आईवडिलांना सांगते. आईवडील म्हणतात, "त्याला काही कळू देऊ नका." त्यांच्याशी वाद घालू नका. त्याने काय विचारलं तेवढं सांगा. बहुतेकांना त्यातूनच कळतं की त्याला कळलेलं आहे.

उपचार हात टेकतात तेव्हा

तेव्हा काम कमी होत नाही, बदलतं. डॉक्टरांशी बोलून रोजच्या रक्ततपासण्या, नको असलेल्या सुया, मॉनिटरची टिकटिक बंद करून घ्या. मॉर्फिनची भीती अजून आहे, नर्सेसमध्येही. योग्य मात्रेत, वाढवत नेलेलं मॉर्फिन दुखणं आणि दम दोन्ही हलकं करतं. सोबत पोट साफ ठेवायचं औषध सुरुवातीपासून हवं. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यावर मान्यताप्राप्त संस्थांना ते मिळवणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. तुमच्या वॉर्डात ते रात्री मिळतं का, चावी कुणाकडे असते, हे दिवसाच विचारून ठेवा.

ओठ ओल्या कापसाने ओले करत राहा. घशात घरघर वाढली की कूस बदला आणि आईला आधीच सांगा की या आवाजाचा बाळाला बहुधा त्रास होत नसतो. तिला खाटेवर चढून त्याला कुशीत घेऊ द्या, नळ्या सांभाळायचं काम आपलं. तुळस, गंगाजल, कलमा, प्रार्थना, ज्याचं जे असेल त्याला जागा करून द्या.

मूल गेल्यावर "देवाची मर्जी", "तुम्ही तरुण आहात अजून" असलं काही बोलू नका. त्याचं नाव घेऊन बोला. घाई करू नका. शवागाराचा माणूस थांबू शकतो. आईला आंघोळ घालायची असेल तर कोमट पाणी आणून द्या. मी तेव्हाही सांगूनच हात लावते: "ही नळी काढते हं राजा, झालं आता." आई ते ऐकत असते.

मग हात धुवा, पाणी प्या, जमत नसेल तर इन्चार्जला सांगून अर्धा तास बाहेर बसा. आणि परत आल्यावर शेजारच्या खाटांकडे जा. त्या मुलांनी पडदे पाहिलेले असतात. एकदा माझ्या पाळीत एका मुलाने विचारलं, "तो कुठे गेला?" मी थकलेली होते. म्हणाले, "घरी गेला." दहा दिवसांनी त्याच मुलाला सुट्टी मिळाली, तर तो खाटेची दांडी धरून ओरडायला लागला, "मला घरी नाही जायचं." त्याच्या आईला काही कळेना. मला कळलं. मी त्याच्यापुढे जमिनीवर बसले आणि म्हणाले, "मी तुला खोटं सांगितलं होतं. तो घरी नाही गेला, तो वारला. त्याचा आजार औषधांना ऐकत नव्हता. तुझा ऐकतोय, म्हणून तू खरंच घरी चाललायस." त्याने दांडी सोडायला बराच वेळ घेतला. मी तोवर तिथेच बसून होते.